यतिभंग

चरईत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
तीस वर्षं मी मंगलाष्टकं लिहून देतो.
आधी मुलीच्या घरी चहा प्यायचा,
कुणाचं नाव घ्यायचं ते वहीत टिपायचं,
कुणाचं टाळायचं ते लक्षात ठेवायचं.

परवा घोडबंदरहून टिपणीस आले, हातात मोबाइल.
“चार सेकंदांत केलंय यानं. नुसतं तपासा.
पैसे निम्मे देईन.”

शार्दूलविक्रीडित. बोटांवर मोजलं:
एकोणीस, एकोणीस, एकोणीस, एकोणीस.
यति बाराव्यावर, जिथल्या तिथं.
‘शर्वरी’सुद्धा चपखल बसवलेली.
मला याला अख्खी रात्र लागते,
वर एखादा ऱ्हस्व ओढून दीर्घ करावा लागतो.
चूक नव्हती. तेच खुपत राहिलं.

चहा मागवला.
“मुलीची आई?”
ते गिरणीच्या पट्ट्याचा आवाज ऐकत बसले.
“गेल्या श्रावणात.”
हे त्यांनी मोबाइलला सांगितलं नव्हतं.
मलाही सांगितलं नसतं,
चहा गार झाला नसता तर.

तिसऱ्या ओळीतला एक शब्द खोडला,
दोन अक्षरं कमीच ठेवली.
गाणारी मावशी तिथं अडखळेल,
अक्षता मुठीत थांबतील,
तेवढ्या जागेत
जिला यायचंय ती येईल.

निम्मेच घेतले.