सुई कुठे थांबते

जांभळी नाक्यावरच्या दुकानात
पोरगा पडद्यावर बोट फिरवत होता:
तीनशे टाके, बदकं, वेली, इंग्रजी अक्षरं.
मी पिशवीतून जीन्सची कापलेली मोहरी काढली,
शिवणीवर शिवण येते तो उंचवटा.
हा चढ चढवून दाखव, म्हटलं.
चढली. कुरकुर नाही.
रात्री अकरानंतर शिवते मी,
भिंतीपलीकडे दळव्यांचं तान्हं.

मग विचारलं, पाय काढला की
सुई वर राहते की कापडात?
त्याला ठाऊक नव्हतं. आतून मालक ओरडला,
"खालीच! बटण आहे, भोईरबाई."

गळ्याचा कोपरा वळवताना
एक हात कापडावर, एक चाकावर;
बावीस वर्षं तिसरा शोधतेय.

किंमत ऐकली.
बदकं काढून किती, विचारलं.