पडल्यावर उठायला लागलेले सेकंद

चिमणबागेच्या ज्या कोपऱ्यात क्रिकेटवाले आम्हाला उभं राहू देतात
तिथं मी चुन्याच्या रेघा ओढतो,
रात्री कुत्री त्यांच्यावर लोळतात,
सकाळी मी पुन्हा ओढतो.
रामबागेकडून कचरागाडीचं गाणं आलं
की सहा वाजले. पोरं येतील.

तेरा जणांची रग्बी. पंधरांची वेगळी,
असं मी दर पालकसभेत सांगतो
आणि दर पालकसभेत कुणीतरी विचारतंच,
"सर, कबड्डी का नाही? निदान टीव्हीवर तरी दिसते."
कबड्डीच खेळलो मी. डावा गुडघा तिथंच ठेवून आलो.
येताना एक गोष्ट आणली:
डोळे फसवतात, पाय फसवतात,
कंबर खोटं बोलत नाही. कंबरेवर नजर ठेव.
बावीस वर्षं हेच वाक्य.
बायको म्हणते, झोपेतसुद्धा.

मागच्या थंडीत फ्रान्सच्या दक्षिणेकडून एक जण आला,
ल्युसियाँ. कान चुरगळलेले, जुन्या पैलवानासारखे,
त्यामुळं ओळख करून द्यावी लागली नाही.
पोह्यांवरची शेव बाजूला काढून खायचा
आणि दिवसभर वहीत काहीतरी टिपायचा.
पंधरा दिवस.
एकदा तो पाणी प्यायला गेला तेव्हा मी वही उघडली.
नावं नव्हती. आकडे होते.
वजन. चाळीस मीटर. उजवा खांदा, डावा खांदा.
आणि एका रकान्यात, दुभाष्याकडून नंतर कळलं,
पडल्यावर उठायला लागलेले सेकंद.
हे मी कधी मोजलं नव्हतं.
मी फक्त ओरडायचो, ऊठ.

रुमाल भूरिया: दोन पूर्णांक एक.
त्यानं त्यालाच निवडलं.

करार आला. वय सतरा, म्हणून बापाची सही हवी.
बाप कचरागाडी चालवतो, तेच गाणं वाजवत,
वर्दीतच आला, हात दोनदा धुतले,
आणि सगळी पानं उलटून झाल्यावर एवढंच विचारलं,
"चोट लगी तो पगार कटेगी क्या?"
दुभाष्या थांबला. ल्युसियाँही थांबला.
"पहिले तीन महिने नाही."
बापानं हिशेब केला, ओठांतल्या ओठांत,
मग सही केली, सावकाश, एकेक अक्षर.
व्यवसायाच्या रकान्यात पोरानं 'विद्यार्थी' लिहिलं होतं.
मी पेन मागून घेतलं
आणि नाही खोडलं. त्यानं खोडावं.
त्यानं खोडलं.

त्या रात्री ल्युसियाँ म्हणाला,
आमच्या गावातही असंच.
द्राक्षमळ्यांतली पोरं आठव्या वर्षापासून घडवायची,
अठरावं लागलं की समुद्रापलीकडचा मोठा क्लब येतो
आणि आम्ही स्टेशनवर उभे.
मग तुम्ही काय करता?
त्यानं दोन बोटांनी टेबलावर एक सरळ रेघ ओढली.
चुना. दुभाष्याची गरज पडली नाही.

रुमाल गेला तो शनिवार.
सोमवारी बाराच्या जागी अकरा आले,
गुरुवारी नऊ.
देवांशूच्या आईनं कोचिंग क्लासचं नाव सांगितलं,
मन्सुरींचा अदनान दुकानावर बसतो,
एकानं काहीच कळवलं नाही, बूट तेवढे परत पाठवले,
धुऊन, लेस गाठ मारून.
त्या गाठीकडे मी जरा जास्त वेळ बघत बसलो.

कचरागाडी आता फाटकापाशी मिनिटभर थांबते.
गाणं चालूच असतं.
रुमालच्या जागेवर कोण उभं आहे
एवढं बघून ती पुढं जाते.

तिथं शंतनू किबे आहे. चौदाचा, सुस्त, मनगटं बारीक.
मी घड्याळ विकत घेतलंय, वहीसुद्धा.
आज तो पडला, मी बटण दाबलं.
तीन. चार.
तो पाठीवर तसाच पडून राहिला,
वर घारीकडे बघत.
सहा. सात.
"सर, ही रोज येते," म्हणाला.
मीही वर बघितलं.
खाली पाहिलं तेव्हा अकरा झाले होते.
लिहून ठेवले.