रकाना

वैशाखात सड्यावर चपलेचा तळ मऊ पडतो.
खाली खाडी, खाडीपुढे समुद्र,
नजरेत मावणार नाही एवढं पाणी,
आणि म्हशींना प्यायला
धनगरवाड्यामागची एक कोंड,
तळाशी हिरवी,
ठमाबाई येडगेच्या मापाने
अजून सतरा दिवसांची.

मी लाळ्या-खुरकुताची लस घेऊन चढलो होतो.
बर्फाचं पाणी झालेलं.
ती म्हणाली, डबा माठाच्या अंगाला ठेवा,
आणि निघाली.
टोचायला जनावरं उभी राहीनात
म्हणून मीही तिच्या मागे,
करवंदीच्या जाळ्या चुकवत.

काजऱ्यापाशी शेळ्या न सांगता वळसा घेतात.
रामेठ्याला हुंगतात, सोडतात.
तुला हे कुणी शिकवलं, मी विचारलं.
भुरीनं, ती म्हणाली,
आणि भुरीच्या आईनं.
ती टाकते ते आधी बघायचं,
खाते ते मागनं.

हगवणीला कुड्याची साल,
पण उगवतीकडची.
मावळतीची सोललीस तर झाड विसरतं
कशासाठी दिली ते.
मुरुडशेंग बघ कशी पिळलीय,
कळ आलेल्या पोटासारखी,
म्हणून पोटालाच.
मी मान हलवली. खिशात पेन होतं,
बाहेर काढलं नाही.

मग गडगा आला.
जांभ्याचे नवे चिरे, वर काटेरी तार.
बाग तेव्हाही होती, ती म्हणाली,
कलमांवरचं बांडगूळ तोडलं की
गडी स्वतः हाळी द्यायचा,
ठमे, शेळ्या आण गो.
बांडगूळ खाऊन वाट मोकळी.
आता मालक कोण, ठाऊक नाही.
तारेवर पाटी, पाटीवर मोबाइल नंबर.
तिच्याकडे मोबाइल आहे.
लावून काय सांगू, म्हणाली,
शेळ्यांना भूक लागलीय म्हणून?

दुपारी मोरीचं पारडू
त्याच गडग्यावरून घसरलं.
मागचा पाय, गुडघ्याखाली.
मी तालुक्याला फोन केला,
डॉक्टर शिबिरात होते.
ठमाबाईनं बांबूच्या कामट्या बांधल्या, सैल,
आणि तिन्हीसांजेला मूठभर तांदूळ घेऊन
गडग्याकडे गेली.
मागून येऊ नका.
मी गेलो नाही. दिसत मात्र होतं.
चिऱ्यांवर पसरलेल्या एका वेलीपुढे
ती वाकून काही बोलली,
पाहुण्याला उद्याचं जेवण सांगावं
तेवढ्याच आवाजात.

रात्री ताक-भाकर. मी ओट्यावर.
कातळ पहाटेपर्यंत ऊन सोडत होता.
उजाडायच्या आत ती वेल घेऊन आली,
चौकोनी, पेरापेरांची, बिनपानाची.
पाट्यावर वाटली, पायावर थापली,
कामट्या आवळल्या.
पारडू एकदाच ओरडलं.

नाव काय हिचं?
आज घ्यायचं नाही, ती म्हणाली.
उठून चालेल तेव्हा विचारा.

माझ्याकडे छापील तक्ता आहे.
जनावराचा प्रकार: पारडू, मादी.
इजा: अस्थिभंग.
वापरलेले औषध:

मला नाव माहीत होतं.
माझी आजोळची माणसं हाडसांधी म्हणतात,
कॉलेजच्या पुस्तकात आणखी एक आहे, लांबलचक.
रकाना मी कोराच ठेवला.
साहेबांनी लाल गोल करून कागद परत पाठवला.

सतराव्या दिवशी वर गेलो.
कोंडीत चिखल, त्यावर खुरांचे ठसे,
वाडा रिकामा.
घाटाकडे गेली असतील, शेजारची म्हणाली,
पारडू चालत गेलं का, ते तिनं पाहिलं नव्हतं.
गडग्यावर कुणीतरी तणनाशक मारलेलं,
चिरे स्वच्छ, वेलीचा नुसता पिवळा दोर.
खालच्या फटीत एक पेर ओलं होतं.

ते मी तोडून आणलं.
तांदूळ नव्हते, आदल्या सांजेला सांगितलंही नव्हतं,
दुपारचे दोन वाजले होते.
क्वार्टरच्या गच्चीवर रंगाच्या डब्यात लावलंय.
दोन पेरं फुटली आहेत.
बायको विचारते, हे काय आणलंत.
मी म्हणतो, थांब.