आखणी

शाहूपुरीत गल्लीच्या तोंडाला आमचा स्टुडिओ.
बापानं काढलेले पुढारी अजून भिंतीवर आहेत,
समोर कागद, हातात पेन.
पेन आमचंच. शाई कधी भरलीच नाही.
फेटाही आमचाच, एकाच मापाचा,
मागनं टाचण्या मारल्या की
कुठल्याही पक्षाला बसायचा.

वॉर्ड बायकांना राखीव पडला त्या साली
पांडबा कुंभार बायकोला घेऊन आले.
कालिंदीबाई. नखांत शाडू.
पांडबांनीच पदर सारखा केला,
"हात जोड. जरा हास. लई नको."
वहिनी, काचेकडं बघा, मी म्हणालो.
त्या माझ्या खांद्यावरनं बघत राहिल्या,
नवरा उभा होता तिकडं.
बारा फोटो. बाराही वेळा तिकडंच.

रात्री कॉम्प्युटरवर बुबुळं सरकवली,
केसभर.
सकाळी व्हीनस कॉर्नरला वीस फुटी फ्लेक्स:
बाईंचा चेहरा ताटाएवढा,
पांडबांचा परातीएवढा,
खाली शुभेच्छुक, बिब्ब्याएवढे, दाटीवाटीनं.
"बाई कशी थेट बघती, भावा!"
मतं पडली.

गुलाल उतरल्यावर त्या एकट्याच आल्या.
"डोळे कुणी आखले?"
मी गप्प.
"मी बावीस वर्षं गणपतीचे डोळे आखते.
बुबुळ मागनं येतं. देव कुठं बघणार
ते आधी ठरतं.
तुम्ही बुबुळ हलवलंय.
बघणं तिथंच राहिलंय."
रागावल्या नव्हत्या.
बशीत ओतून चहा प्यायल्या, गेल्या.

पाच वर्षं सह्या त्यांच्या.
कुठं करायच्या ते दाखवणारं बोट पांडबांचं.

मग आरक्षण उठलं. वॉर्ड खुला.
पांडबा उमेदवार, फेटा, टाचण्या.
त्याच दिवशी दिवेलागणीला त्या आल्या.
"एक फोटो काढा. कशाला ते विचारू नका."
मी छत्री-दिवा फिरवेपर्यंत
त्या स्टुलावर बसल्याही होत्या.
काचेतनं डोळा लावला
आणि चाळीस वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदा वाटलं,
फोटो माझाच निघतोय.
आठ प्रती केल्या. सात त्यांनी नेल्या.
आठवी माझ्या गल्ल्यात आहे.
भिंतीवर लावायची तर
कुठल्या साहेबाच्या शेजारी?

श्रावणात बापट कॅम्पात गेलो होतो,
घरच्या मूर्तीचं सांगायला.
शेडवर ताडपत्री म्हणून तोच फ्लेक्स,
छापील बाजू खाली.
दीडशे गणपती ओळीनं, डोळ्यांच्या जागा कोऱ्या,
आणि वरनं पांडबा हात जोडून लोंबतायत,
शुभेच्छुकांसकट.
बाईंचा चेहरा होता तिथं
चौकोन कापून काढलेला.
तेवढ्यातनंच ऊन आत येत होतं,
खाली त्या बसलेल्या, मांडीवर मूर्ती,
ब्रशाला दोनच केस.
मी काहीतरी विचारणार होतो.
मान वर न करता म्हणाल्या,
"जरा बाजूला सरा. उजेड अडतोय."