मुकादम

मुहर्रकच्या जुन्या बाजारामागे, तिसऱ्या मजल्यावर
आम्ही तिघं, आणि एक लव्हबर्ड.
गोसालियांचं कुटुंब कायमचं परत गेलं जूनमध्ये.
त्यांचा एसी उतरवायला गेलो,
तर बाईंनी पिंजराच हातात दिला,
वर अर्धं पाकीट राळे.

पहाटे साडेचारला हजेरी घेतल्यासारखा ओरडायचा,
म्हणून नाव ठेवलं मुकादम.
आमचा खरा मुकादम निदान शुक्रवारी गप्प असतो.

मग जुलैत त्याने कागद फाडायला घेतले.
सरळ, बोटभर लांब पट्ट्या, शिंप्याने कापाव्यात तशा.
त्या शेपटीवरच्या पिसांत खोचून
खोलीभर फिरायचा.
घरी पैसे पाठवल्याच्या पावत्या होत्या त्या.
मार्चचे एकशे दहा दिनार पाठीवर घेऊन
एकदा पडद्याच्या दांडीवर जाऊन बसला.

सोमवारी अंडं दिसलं.
जांभळाएवढं, पण पांढरं.
पुरन म्हणाला, मुकादम तर बाई निघाला.
तिघंही हसलो,
आणि मग का कुणास ठाऊक, जरा हळू बोलायला लागलो.

तस्लीमा दाभोळहून फोनवर म्हणाली,
काढू नको हां अंडी.
आपली तांबडी खुडूक बसते, ती नाही मोजत,
पण ही पाखरं मोजत असतील.
कमी दिसलं की पुन्हा घालील,
हाडं झिजवून घालील.
टरफलं उकळ, कूट, राळ्यांत मिसळ.
आणि तो आरसा आधी काढ तिथनं.

आरसा?
माझा दाढीचा. खिळ्याला टांगलेला.
तीन आठवडे त्यातल्या कुणाला तरी
ती स्वतःच्या गळ्यातला घास भरवत होती
आणि मी म्हणत होतो, बघा नखरे.

चौथ्याच्या वेळी अडली.
पिंजऱ्याच्या तळाला, कोपऱ्यात,
लोकरीच्या गुंड्यासारखी फुगलेली,
डोळे अर्धे मिटलेले, शेपूट खालीवर, खालीवर.
डॉक्टर रिफ्फात. सकाळी नऊला उघडणार.

सतरा वर्षं मी लोकांच्या भिंतींत गारवा बसवतोय.
त्या रात्री, ऑगस्टात,
आमचा एसी माझ्याच हाताने बंद केला.
खिडकी उघडली.
जी हवा बाहेर ठेवण्यासाठी आमचे पगार होतात
ती ओल्या गोणपाटासारखी आत आली.
बुटांच्या खोक्यात माझा बनियन, वर साठचा बल्ब,
शेजारी किटली वाफ सोडत.
बिनीश शिव्या देत गादी घेऊन गच्चीवर गेला,
अर्ध्या तासाने परत आला,
नुसताच दारात उभा राहिला.

कुणी काही करू शकत नव्हतं.
हात लावायचा नाही, दाबायचं नाही, एवढं माहीत होतं.
तिघं पुरुष घामाने निथळत
एका खोक्याकडे पाहत.

फजरची अजान संपता संपता
खोक्यात खुट्ट झालं.
पुरनने एसी लावायला हात वर केला,
आणि तसाच खाली घेतला.

डॉक्टरीण म्हणाली, आता दिवस लहान करा.
उजेड लांबला की तिला वाटतं ऋतू आलाय.
ऋतू कसला.
ओव्हरटाइमच्या महिन्यात रात्री बारापर्यंत
माझीच ट्यूब जळत होती.

पाच घातली. बावीस दिवस बसली.
तेविसाव्या दिवशी उठली, अंग झटकलं,
राळे टिपायला लागली.
मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

काय केलंस त्यांचं, तस्लीमाने विचारलं.
टाकली, म्हटलं.
चौथं अजून टूलबॉक्समध्ये आहे,
गेजच्या डबीत, कापसात.

आता संध्याकाळी सहाला
पिंजऱ्यावर कंपनीचा जादा शर्ट टाकतो.
दिवा लावत नाही. फोन अंधारातच.
मी हळू बोलतो, ती झोपलीय म्हणून.
तस्लीमाही तिकडून हळूच बोलते.
तिच्या घरात तर उठायला कुणी नाही.