एकोणीस लारी

मेस्तियाच्या अलीकडे गाडी बंद पडली
तेव्हा आम्ही पाचही जण एकमेकांशी बोलत नव्हतो.
कारण एकोणीस लारी. कुणी दिले, कुणी नाही.
शर्वाणीच्या वहीत सगळं होतं,
पाण्याच्या बाटलीसकट.

ड्रायव्हर गुराम बॉनेटात डोकं घालून
कुणाच्या तरी आईचा उद्धार करत होता;
भाषा कळेना, सूर ओळखीचा.

वरच्या घरातून नानुली उतरली,
ओच्यात अक्रोड.
दगडावर बसून फोडत राहिली
आणि समोर येईल त्या हातावर ठेवत गेली.
हेरंबला चार मिळाले, मला एक, तोही किडका.
कुणी काही बोललं नाही.

गाडी सुरू झाल्यावर
शर्वाणीने वहीत लिहिलं: अक्रोड.
मग पुढच्या रकान्याकडे बघत बसली
घाट संपेपर्यंत,
पेनचं टोपण दातात.