जोडबांधणी

डिचोलीच्या जुन्या कचेरीतून आलेलं बाड
टेबलावर उघडलं, तर कागदाच्या आधी
तांबडी माती सांडली.
चिमूटभर. ब्रशाने गोळा केली,
कुठे टाकावी कळेना, म्हणून
चहाच्या बशीत ठेवली.

पणजीतल्या या खोलीत बावीस वर्षं
मी फाटलेलं सरकार चिकटवते.

बाडात दोन पुस्तकं, एकाच सालची,
एकाच सरकारी छापखान्यातली,
बहुधा त्याच खिळ्यांनी जुळवलेली.
पहिलं खाणींचं: कुणाला किती हेक्टर,
लोखंड शेकडा बासष्ट.
दुसरं शेतीचं: कोरगुट, आसगो, खोचरी, दामगो,
कुठल्या गावी किती खंडी,
कुठे नुसतं सरद, कुठे वायंगणही.
कुणा काटकसरी बांधणाऱ्याने पुठ्ठा वाचवायला
दोघांना एकत्र शिवलं,
आणि ती भांडलेल्या भावांसारखी
पाठीला पाठ लावून पडून राहिली
सत्तर वर्षं.

खाणी, पान एकोणीस:
मायणखोल, डोंगरउतार. इन्कुल्त.
म्हणजे पडीक.
कोशात दुसरा अर्थही दिलाय: असंस्कृत.

शेती, पान चौतीस:
मायणखोल. त्याच उतारावर बारमाही झर.
तिच्या पाण्यावर वायंगण, साडेअकरा खंडी.
खाली पाटाची लांबी, पावलांत,
आणि ती चालून मोजणाऱ्या कारकुनाचं
नुसतं आडनाव: मिनेझिश.
पहिल्याने डोंगर गाडीतून पाहिला असेल.
याच्या चपला भिजल्या असणार.

पलीकडच्या टेबलावरचा आग्नेलु म्हणाला,
दोन खाती, दोन साहेब,
एकमेकांचं कोण वाचतं गे?

वाचलं होतं. एकीने.
कसरीने.
खाणींच्या पहिल्या पानातून ती आत शिरली,
परवाना नव्हता,
सवलतींची यादी पोखरत, मालकांच्या नावांतली
एकेक वेलांटी खात
शेतीत उतरली
आणि वायंगणाच्या तक्त्यात थांबली.
पानं उजेडात धरली, तर त्या आरपार भोकातून
मांडवीचा एक ठिपका दिसला,
ठिपक्यातून बार्ज गेली. रिकामी होती की भरलेली,
तेवढ्यात कळलं नाही.

भोकं बुजवायला कागद लागतो
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
तो जपानहून मागवतो आम्ही.
ज्या वाटेने मायणखोल टनाटनाने गेलं
त्या वाटेने हा येतो,
फुंकलं तर उडेल असा.
किंमत बघून साहेब दर वर्षी सही लांबवतात.

लेई मात्र घरची. तांदळाचं पीठ,
मंद आच, ढवळणं थांबवायचं नाही,
शेवटी कणभर मोरचूद,
पुढच्या कसरीला गोड लागू नये म्हणून.
तांदूळ रेशनचा.
पोत्यावर कुठल्या तरी पंजाबातल्या मंडीचा शिक्का.

नियम असा, की विषयवार वेगळं करून बांधावं.
कात्री दोऱ्याशी नेली होती.
पण वेगळी केली असती तर
भोकाला भोक जुळलं नसतं पुन्हा,
आणि दोन्ही पुस्तकं आपापल्या जागी
खरीच ठरली असती.
मग सुई ओवली. जुन्याच छिद्रांतून,
जुन्याच टाक्यांवर, मेणाचा नवा दोरा.

नोंदवहीत विषयाच्या रकान्यात
एकच शब्द मावतो.
मायणखोल, लिहिलं.
आग्नेलुने चष्म्यावरून पाहिलं, म्हणाला,
हा काय विषय झाला?
आणि आपल्या शेंदरी पेनाने
क्रमांक घातला.

सुटायच्या वेळी बशी धुवायला नेली.
नळाखाली धरली, तर पाणी
तांबडं वाहत राहिलं,
एवढ्याशा मातीच्या मानाने
बराच वेळ.